गर्भारपणातील मधुमेह आणि बाळाचा मेंदू : छप्पन्न दशलक्ष जोड्यांचा हिशेब

गर्भारपणात मातेला मधुमेह असल्यास मुलांमध्ये स्वमग्नता आणि अतिचंचलता यांचे प्रमाण वाढते, अशा आशयाचे मथळे एप्रिल २०२५ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. त्यांच्या मुळाशी 'द लॅन्सेट डायबिटीज अँड एंडोक्रिनॉलॉजी' या नियतकालिकात चीनमधील संशोधकांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेला एक प्रबंध होता. २०२ स्वतंत्र अभ्यास आणि ५ कोटी ६० लाखांहून अधिक माता-बालकांच्या जोड्या असा त्याचा आवाका असल्याने हा विषय तज्ज्ञांच्या वर्तुळातून बाहेर पडून घराघरांतल्या चर्चेत गेला. मधुमेह असलेल्या मातांच्या मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी संबंधित कोणतीही समस्या आढळण्याची शक्यता २८ टक्क्यांनी अधिक, स्वमग्नतेची २५ टक्क्यांनी, अवधान-न्यूनता व अतिचंचलतेची (एडीएचडी) ३० टक्क्यांनी आणि बौद्धिक अक्षमतेची ३२ टक्क्यांनी अधिक, असे त्याचे ठळक निष्कर्ष. गर्भधारणेपूर्वीपासूनच मधुमेह असेल तर हा संबंध अधिक घट्ट, आणि गर्भारपणातच उद्भवलेला असेल तर तुलनेने सैल, हेही त्यात नोंदलेले आहे. मथळ्यांत मात्र हा फरक फारसा कुठे उतरला नाही.

परदेशस्थ मराठी वाचकांसाठी ही बातमी दूरची नाही. अमेरिकेत २०११ ते २०१९ या काळातील पहिल्या बाळंतपणांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 'जामा'मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झाला. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण त्या देशात २०१९ साली दर हजार जन्मांमागे ६३.५ होते, आणि भारतीय वंशाच्या मातांमध्ये ते १२९ होते. त्या अभ्यासात पाहिलेल्या समूहांपैकी सर्वाधिक. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तयार करणारी 'नाइस' ही संस्था तर दक्षिण आशियाई कुळ हाच एक स्वतंत्र धोका मानते आणि अशा प्रत्येक गर्भवतीची साखर तपासावी असे सांगते. म्हणजे शिकागो, लंडन किंवा दुबईत नोकरी करणाऱ्या एखाद्या तिशीतल्या मराठी अभियंता स्त्रीला चोविसाव्या आठवड्यानंतर 'तुमची साखर वाढली आहे' असे ऐकावे लागणे ही मुळीच अपवादात्मक घटना नव्हे. ती घरी येते, फोनवर शोध घेते, आणि तिला पहिला मथळा दिसतो तो स्वमग्नतेचा.

तेव्हा आधी त्या टक्क्यांचा अर्थ. २५ टक्के वाढ ही मुळातल्या धोक्याच्या २५ टक्के असते, शंभर मुलांपैकी पंचवीस नव्हेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२५ मधील अहवालानुसार आठ वर्षे वयाच्या ३१ मुलांमागे एकात स्वमग्नतेचे निदान झालेले आहे. म्हणजे हजारात सुमारे ३२. त्यावर २५ टक्के वाढ धरली तर ही संख्या ४० होते. हजार मधुमेही मातांमागे आठ मुले अधिक, आणि ९६० मुलांत स्वमग्नता नाही. समाजाच्या आरोग्याचा विचार करणाऱ्याला ही आठ मुले महत्त्वाची वाटली पाहिजेत, कारण जगातील साधारण सहा जन्मांपैकी एका जन्माला गर्भारपणातील वाढीव साखरेचा स्पर्श होतो, असा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा २०२१ मधील अंदाज होता. एका विशिष्ट मातेने मात्र तेवढ्यावरून रात्र जागून काढावी असे त्यात काही नाही.

साखर मेंदूपर्यंत कशी पोचते

मातेच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे सहज जाते, मातेचे इन्सुलिन मात्र जात नाही. कोपनहेगनचे डॉक्टर यॉर्गेन पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडलेले हे सूत्र आजही या विषयाचा पाया आहे. आलेल्या जादा साखरेला तोंड देण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड स्वतःच इन्सुलिन तयार करते. इन्सुलिन हे गर्भातील वाढीचे मुख्य संप्रेरक. म्हणून बाळ मोठे होते, चरबी साठते. इथपर्यंतची गोष्ट बहुतेक प्रसूतितज्ज्ञ गर्भवतीला सांगतात. मेंदूची गोष्ट त्यापुढची आहे आणि तिच्यात साखरेपेक्षा लोहाचे काम अधिक आहे.

इन्सुलिनचे प्रमाण वाढले की गर्भाचा चयापचय वेगाने चालतो आणि त्याला प्राणवायू अधिक लागतो. वार तो तेवढ्या प्रमाणात पुरवू शकत नाही. या दीर्घकाळच्या तुटवड्यावर गर्भाचे शरीर एकच उपाय करू शकते : तांबड्या पेशी वाढवणे. त्यासाठी लोह लागते. मातेकडून येणारे लोह अपुरे पडले की ते यकृतातून आणि, शेवटी, मेंदूच्या वाट्यातून घेतले जाते. अशा रीतीने रक्त लालभडक असलेले, गुटगुटीत दिसणारे बाळ मेंदूच्या पातळीवर लोहाला मुकलेले असू शकते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे मायकेल जॉर्जिएफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा अनेक वर्षे चिकाटीने उलगडला. मेंदूतील चेतातंतूंवरचे आवरण तयार होण्यासाठी, संदेशवाहक रसायनांसाठी आणि पेशींना ऊर्जा मिळण्यासाठी लोह आवश्यक असते. स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत झपाट्याने वाढत असतो आणि म्हणूनच या तुटवड्याचा फटका त्याला अधिक बसतो.

या संशोधकांचा एक प्रयोग लक्षात राहण्याजोगा आहे. नवजात बाळाला आईचा आवाज आणि परक्या स्त्रीचा आवाज ऐकवून त्याच्या मेंदूतील विद्युत-लहरी टिपण्यात आल्या. सामान्य बाळांच्या मेंदूने दोन आवाजांना वेगवेगळा प्रतिसाद दिला. मधुमेही मातांच्या बाळांत, त्यातही ज्यांच्यात लोह कमी होते त्यांच्यात, हा फरक पुसट होता. जन्मून काही दिवसच झालेल्या बाळाला आईचा आवाज ओळखता येणे ही गर्भातील ऐकीव स्मृतीची पहिली खूण आहे. ती पुसट असणे म्हणजे पुढे बुद्धी कमी, असे मात्र या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. तरीही भारतीय संदर्भात हा धागा दुर्लक्षित राहावा याचे आश्चर्य वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. साखर आणि लोह या दोन्ही तक्त्यांकडे एकत्र पाहणारा डॉक्टर मिळणे हे आजही नशिबाचे काम आहे. परदेशी गेल्याने शाकाहारी स्त्रीच्या लोहाचा साठा आपोआप भरत नाही.

याखेरीज दाह, पेशींवरील रासायनिक ताण, जनुकांच्या अभिव्यक्तीतील बदल अशा इतर यंत्रणाही सुचवल्या गेल्या आहेत. त्यांचा पुरावा बराचसा प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेला आहे.

प्रश्न कितव्या आठवड्याचा आहे

मेंदूची चौकट फार लवकर बांधली जाते. ज्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती चेतानलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. अनेक स्त्रियांना तोवर आपण गर्भवती असल्याचेही कळलेले नसते. म्हणूनच आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रियांच्या बाळांत चेतानलिकेतील जन्मजात दोषांचे प्रमाण अधिक आढळते आणि 'नाइस' अशा स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत दिवसाला ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घ्यायला सांगते. एचबीएवनसी ४८ मिलिमोल प्रति मोल, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या खाली आणूनच मूल होऊ द्यावे, आणि ते ८६ म्हणजे सुमारे १० टक्क्यांच्या वर असेल तर गर्भधारणा टाळावी, असा तिचा स्पष्ट सल्ला आहे.

गर्भारपणातील मधुमेहाची नेहमीची तपासणी मात्र २४ ते २८ आठवड्यांत होते. या वेळेपर्यंत साखर खरोखरच ठीक असेल तर मेंदूच्या पायाभरणीला तिचा उपद्रव झालेला नसतो. पण ती ठीक होती हे कोणी पाहिलेले असते का? दक्षिण कॅलिफोर्नियातील कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेच्या ३ लाख २२ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झालेला निष्कर्ष याच दृष्टीने बोलका आहे. गर्भारपणातील मधुमेहाचे निदान २६ व्या आठवड्यापर्यंत झालेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नतेचा धोका ४२ टक्क्यांनी अधिक आढळला. त्यानंतर निदान झालेल्यांच्या मुलांत तो आढळला नाही. लवकर झालेले निदान म्हणजे बहुधा लवकर सुरू झालेली, कदाचित गर्भधारणेपूर्वीचीच, पण कोणाच्या लक्षात न आलेली वाढीव साखर.

आणि ही लक्षात न येणारी साखर भारतीयांच्या बाबतीत फार नेहमीची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत चालवलेल्या माता-पोषण अभ्यासाने जगाला 'कृश तरीही मेदयुक्त' भारतीय बाळाची ओळख करून दिली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या साडेतीन किलोच्या बाळासमोर पुण्याजवळच्या खेड्यातील २.७ किलोचे बाळ ठेवले, तर ते लहान दिसते, पण त्याच्या शरीरातील चरबी तेवढ्या प्रमाणात कमी नसते. कमी असतात ते स्नायू आणि अवयव. ही ठेवण मोठेपणीही टिकते. सडपातळ दिसणाऱ्या, वजनकाट्यावर निर्धास्त असलेल्या मराठी स्त्रीला त्यामुळे युरोपीय निकषांनी कोणी धोक्यात धरत नाही. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची मर्यादा बॉडी मास इंडेक्स २५ ऐवजी २३ केली, ती याच कारणाने. गर्भारपणाच्या पहिल्याच भेटीत, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, साखर पाहिली जावी ही मागणी परदेशस्थ भारतीय स्त्रीने स्वतःहून करावी, इतकी ही बाब महत्त्वाची आहे. भारताच्या राष्ट्रीय सूचनांत पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत अशी दोनदा तपासणी सांगितलेली आहे; या एका बाबतीत भारतीय कागद पुष्कळ श्रीमंत देशांच्या पुढे आहे. अंमलबजावणीची गोष्ट निराळी.

भावंडांची साक्ष

आता वादाच्या मुख्य मुद्द्याकडे. मधुमेही मातांच्या मुलांत या समस्या अधिक दिसतात, हे खरे. पण त्या मधुमेहामुळे होतात, की ज्या घरांत मधुमेह असतो त्या घरांतील आणखी कशामुळे? जनुके, मातेचे वजन, वय, उत्पन्न, शिक्षण, मानसिक ताण ही सारी मंडळी एकाच छताखाली राहतात. त्यांना वेगळे काढण्याचा एक मार्ग म्हणजे एकाच आईची दोन मुले : एका वेळी मधुमेह होता, दुसऱ्या वेळी नव्हता.

स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या वेळी तरुणांची बुद्धिमत्ता-चाचणी होत असे. सुमारे सव्वासात लाख पुरुषांच्या त्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये 'डायबेटोलॉजिया'त आला. वेगवेगळ्या कुटुंबांची तुलना केली तेव्हा मधुमेही मातांच्या मुलग्यांचे गुण थोडे कमी भरले. सख्ख्या भावांची तुलना केली तेव्हा ती उणीव नाहीशी झाली. २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'ने हाँगकाँग, तैवान, न्यूझीलंड आणि उत्तर युरोपीय देशांतील ३६ लाख जोड्यांचा अभ्यास छापला. गर्भारपणातील मधुमेह आणि अतिचंचलता यांचा संबंध तिथे अवघ्या १० टक्क्यांवर उतरला आणि भावंडांच्या तुलनेत तोही टिकला नाही. खुद्द 'लॅन्सेट'च्या २०२५ च्या प्रबंधातही भावंडांवर आधारलेले मोजके अभ्यास वेगळे पाहिले असता मधुमेहाचा परिणाम दिसला नव्हता. मथळा देणाऱ्यांनी ते वाक्य वाचले असते तर पुष्कळ अश्रू वाचले असते.

तेव्हा प्रश्न मिटला, असे म्हणावे का? तसेही नाही. भावंडांच्या तुलनेची एक अडचण या विशिष्ट आजारात फार मोठी आहे. पहिल्या खेपेस साखर मर्यादेच्या दोन अंक वर आणि दुसऱ्या खेपेस दोन अंक खाली, म्हणून एका मुलाला 'मधुमेही मातेचे' आणि दुसऱ्याला 'निरोगी मातेचे' म्हणायचे. शरीर असे मानत नाही. नऊ देशांतील सुमारे २५ हजार गर्भवतींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हापो' अभ्यासाने दाखवून दिले की साखर आणि बाळावरील परिणाम यांचे नाते सलग चढत जाणारे आहे. त्यात कुठेही पायरी नाही. अशा स्थितीत दोन्ही भावंडांनी जवळजवळ सारखीच साखर अनुभवलेली असू शकते आणि मग तुलनेत फरक न दिसणे स्वाभाविक ठरते. शिवाय एकदा निदान झालेली आई पुढच्या खेपेस सावध असते. याउलट, गर्भधारणेपूर्वीच्या मधुमेहाचा संबंध गर्भारपणातील मधुमेहापेक्षा अधिक घट्ट दिसतो, लवकरच्या निदानाचा उशिराच्या निदानापेक्षा अधिक. जितकी साखर जास्त आणि जितका काळ लांब तितका परिणाम मोठा, ही उतरंड निव्वळ घरच्या परिस्थितीने सहज समजावता येत नाही. सर्व पुरावा एकत्र ठेवला तर असे दिसते : आधीपासूनचा, अनियंत्रित मधुमेह बाळाच्या मेंदूला थोडीफार इजा पोचवत असावा, सातव्या महिन्यात सापडलेल्या, आहाराने आटोक्यात राहिलेल्या मधुमेहावर तसा आरोप ठेवण्याइतका पुरावा नाही.

म्हैसूरचा एक अभ्यास या वादात क्वचितच उद्धृत होतो, आणि व्हायला हवा. तेथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात जन्मलेल्या सुमारे पाचशे मुलांची नऊ-दहा वर्षांची असताना बौद्धिक चाचणी घेण्यात आली. २०१० मध्ये आलेला निकाल पश्चिमेच्या उलट होता. गर्भारपणात मधुमेह झालेल्या मातांची मुले शिकणे, आठवणे, तर्क आणि भाषा यांत इतरांपेक्षा किंचित सरस निघाली. त्या गटात मुले जेमतेम ३२ होती, म्हणून यावरून मधुमेह बुद्धीला पोषक असल्याचा शोध कोणी लावू नये. पण एक गोष्ट उघड होते. पश्चिमेत गर्भारपणातील मधुमेहाची सोबत लठ्ठपणा आणि बेताचे उत्पन्न यांच्याशी असते. म्हैसूरमध्ये तो सुस्थितीतील, शिकलेल्या घरांकडे झुकलेला होता. आजार एकच, आणि घर बदलले की आकड्यांची दिशा बदलते. मुलाच्या मेंदूवर घराचा, भाषेचा, पुस्तकांचा, आईच्या शिक्षणाचा हात किती मोठा असतो याची ही एक वाट चुकून आलेली साक्ष आहे, आणि परदेशातील मराठी व्यावसायिक कुटुंबे परिस्थितीने कॅलिफोर्नियाच्या सरासरीपेक्षा म्हैसूरच्या त्या घरांच्या अधिक जवळची आहेत.

भीतीचाही एक दुष्परिणाम आहे

मधुमेहावर उपचार करावेत की नाही, याविषयी शंका नाही. ऑस्ट्रेलियात हजार स्त्रियांवर झालेल्या 'अ‍ॅकॉइस' चाचणीत (२००५) उपचारांमुळे बाळांच्या गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. विसाव्या आठवड्यापूर्वीच उपचार सुरू केल्यास काय होते, हे पाहणारी 'टोबोजीएम' चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. नवजात बाळांच्या त्रासाचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून २५ वर उतरले. या चाचण्या बाळंतपणाच्या वेळच्या धोक्यांसाठी आखलेल्या होत्या, मेंदूसाठी नव्हेत, तरी दिशा तीच आहे.

परंतु घाबरलेली गर्भवती उपचारापेक्षा उपासाकडे वळते. भात बंद, पोळी बंद, फळे बंद. काकडी, पनीर आणि ग्लुकोमीटर. यात एक जुना, विसरला गेलेला इशारा आहे. शिकागोच्या संशोधकांनी १९९१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवले होते की अखेरच्या तिमाहीत मातेच्या रक्तातील कीटोनचे प्रमाण जितके अधिक, तितके मुलाच्या बुद्धिमत्ता-चाचणीतील गुण कमी. कीटोन तयार होतात ते शरीराला पुरेसे कर्बोदक न मिळाल्यामुळे. हा पुरावा लहान गटावरचा आहे, तरी त्यामुळेच आहारतज्ज्ञ गर्भवतीला पिष्टमय पदार्थ पूर्ण तोडू देत नाहीत. दिवसाच्या तीन जेवणांत आणि मधल्या खाण्यांत ते वाटून द्यायला सांगतात. संकष्टी, हरतालिका, नवरात्र यांचे उपास या काळात दोन्ही बाजूंनी अडचणीचे आहेत : दिवसभर पोट रिकामे ठेवून कीटोन वाढवायचे आणि संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीने साखर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो 'हलका' आहे, ही समजूत ग्लुकोमीटर दोन तासांत मोडून काढतो.

जीवनसत्त्व बी-१२ हा आणखी एक खास मराठी शाकाहारी मुद्दा. पुण्याच्याच अभ्यासमालेत गर्भारपणी बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांची नवव्या वर्षीची बौद्धिक चाचणी तुलनेने मागे पडलेली दिसली. बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त अशी जोडी असलेल्या मातांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती आढळली. मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ घटते, हे सर्वमान्य आहे. शाकाहारी, मेटफॉर्मिनवर असलेली आणि रोज फॉलिक आम्ल घेणारी गर्भवती डॉक्टरसमोर बसली असता बी-१२ तपासले जाईलच, अशी खात्री परदेशातील दवाखान्यांत देता येत नाही. तिथे बहुतेक रुग्ण मांसाहारी असतात.

जन्मानंतरचे पहिले काही तासही याच विषयाचा भाग आहेत. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, बाळाचे इन्सुलिन मात्र चढेच असते. रक्तातील साखर कोसळते. मधुमेही मातेच्या बाळाच्या टाचेला दर काही तासांनी सुई टोचतात ती यासाठी, आणि नातेवाइकांनी त्याबद्दल परिचारिकेशी वाद घालू नये. न्यूझीलंडमधील 'चाइल्ड' अभ्यासाने अशा बाळांचा पाठपुरावा केला. दोन वर्षांच्या वयात साखर कोसळलेल्या आणि न कोसळलेल्या बाळांत फरक नव्हता. साडेचारव्या वर्षी नियोजन, आत्मसंयम आणि डोळा-हात यांचा मेळ यांत थोडा फरक दिसला. नऊ-दहाव्या वर्षी शाळेतील प्रगतीत तो उरला नव्हता. विकसित होणारा मेंदू किती वाटा शोधतो, याचे इतके स्वच्छ चित्र या विषयात दुसरे नाही.

या साऱ्यात दोषारोपाचे राजकारण कसे शिरते, ते सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत दिसले. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी गर्भवतींनी पॅरासिटामॉल, म्हणजे तिथले टायलेनॉल, टाळावे असे जाहीर करून त्याचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या अभ्यासात भावंडांची तुलना करताच तो संबंध विरून गेलेला होता. औषध असो वा साखर, बोट शेवटी आईकडेच वळते. घराण्यातला मधुमेह वडिलांकडून आलेला असला तरी 'डोहाळजेवणात पेढे कोणी खाल्ले' याची चौकशी सुनेकडेच होते.

खरे काम निदानाच्या गोंधळात अडकलेले आहे. उपाशीपोटी साखर ९७ आणि दोन तासांनंतरची व्यवस्थित, अशी एक गर्भवती घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्वीकारलेल्या निकषाने (उपाशीपोटी ९२) तिला गर्भारपणातील मधुमेह आहे. ब्रिटनच्या निकषाने (५.६ मिलिमोल, म्हणजे सुमारे १०१) नाही. अमेरिकेतील प्रचलित द्विस्तरीय पद्धतीत पहिली ५० ग्रॅमची चाचणी उपाशीपोटी नसतेच. पुढची १०० ग्रॅमची वेळ आलीच तर तिथली मर्यादा ९५, पण दोन आकडे ओलांडल्याखेरीज निदान नाही. भारतात, 'डिप्सी' पद्धतीने, जेवण झालेले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी १४० ही एकच मर्यादा पाहतात. तिचे ९७ कोणाला दिसणारच नाहीत. एकच स्त्री, एकच रक्त. ती कोणत्या विमानतळावर उतरली यावर निदान ठरते. जगभरच्या नोंदी एका तराजूत टाकणाऱ्या २०२ अभ्यासांच्या बेरजेतही हा घोळ मिसळलेला आहेच.

बाळंतपणानंतर तर ही साखळी पुरती तुटते. गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दसपट असतो, असे २०२० च्या 'बीएमजे'तील विश्लेषण सांगते. पुढच्या बाळाचा मेंदू घडण्याच्या त्या पहिल्या चार आठवड्यांत साखर कशी असेल, हे त्यावरच अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये सहा ते तेरा आठवड्यांत उपाशीपोटी साखर आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी, अमेरिकेत चार ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅमची चाचणी असे नियम आहेत. नेमक्या याच आठवड्यांत नागपूर-पुण्याहून आलेल्या आजीचा व्हिसा संपत आलेला असतो, बाळाच्या लसी चालू असतात, रजा संपत असते आणि आईची तपासणी राहून जाते. पुढच्या खेपेस माहेरी, भारतात बाळंतपण ठरले तर तिकडच्या डॉक्टरसमोर मिलिमोलमधला कागद येतो. त्या आकड्याला १८ ने गुणले की मिलिग्रॅम मिळतात : लंडनचे ७.८ म्हणजे पुण्याचे १४०.